भिंत आणि मांडणी : विद्यापीठीय ग्रंथालयातील मूलनिवासी संस्कृती

विद्यापीठाचे ग्रंथालय ही ग्रंथांच्या संरक्षणासाठी उभारलेली वास्तू तर असतेच; शिवाय ते विद्यापीठ कोणत्या ज्ञानास ज्ञान मानते, याचीही ती साक्ष असते. ज्या देशांत मूलनिवासी समाजांची भाषा व विद्या दीर्घकाळ विद्यापीठांच्या बाहेर राहिली, तेथे ग्रंथालयाची रचना करताना या समाजांच्या संस्कृतीस स्थान कोठे द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सुशोभनाचा राहत नाही. हे स्थान भिंतीवर देता येते, वास्तूच्या आकारात देता येते आणि ग्रंथांच्या मांडणीतही देता येते. या तिहींचे मोल सारखे आहे काय, हे दोन ग्रंथालयांच्या तुलनेने तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले उदाहरण मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे होय. हुआन ओगोर्मान, गुस्तावो साव्हेद्रा आणि हुआन मार्तिनेझ दे व्हेलास्को या वास्तुशिल्पज्ञांनी योजिलेले हे ग्रंथालय १९५६ साली खुले झाले. ग्रंथसाठ्याचे प्रकाशापासून रक्षण व्हावे म्हणून त्याचा उंच मनोरा जवळजवळ खिडक्यांविना बांधलेला आहे. या सोयीतूनच चारही बाजूंना अखंड भिंती लाभल्या व त्यांवर ओगोर्मान यांनी सुमारे ४,००० चौरस मीटरांचे जडावकाम केले. त्यासाठी मेक्सिकोच्या निरनिराळ्या भागांतून नैसर्गिक रंगांचे दगड गोळा करण्यात आले. ज्या पेद्रेगाल प्रदेशात ही विद्यापीठनगरी वसली, तो शित्ले ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्याचा प्रदेश आहे. इमारतीच्या तळाकडील भिंतींतही तोच काळा दगड वापरलेला असून त्यावर प्राचीन मेक्सिकन शिल्पपरंपरेतील आकृती कोरलेल्या आहेत. २००७ साली युनेस्कोने या विद्यापीठनगरीच्या मध्यवर्ती परिसराचा जागतिक वारशात समावेश केला, तो सर्वस्वी उचित होता. उपयुक्ततावादी वास्तुकलेचा एके काळचा कट्टर पुरस्कर्ता आपल्या भूमीच्या पाषाणाकडे वळतो, ही घटनाच वास्तुकलेच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

तथापि या चित्रयोजनेचा क्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिश आगमनापूर्वीचा काळ आहे, दक्षिणेच्या भिंतीवर वसाहतकाळ. पूर्वेकडील भिंतीवर आधुनिक जग आणि पश्चिमेकडे विद्यापीठ व समकालीन मेक्सिको. देवतांच्या व प्राचीन प्रतीकांच्या रूपाने मूलनिवासी संस्कृती ज्या भिंतीवर सर्वाधिक तेजाने प्रकटली आहे, ती भूतकाळाची भिंत होय. परंतु हा समाज भूतकाळात विलीन झालेला नाही. २०२० च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत मूलनिवासी भाषा बोलणाऱ्यांची संख्या ७० लाखांहून अधिक आहे. अशा भाषकाचा मुलगा विद्यार्थी म्हणून या ग्रंथालयात आला, तर त्याचे पूर्वज त्याला भिंतीवर दिसतील. परंतु त्याच्या समाजाची आजची विद्या आतील ग्रंथांत कोठे व कोणत्या नावाखाली शोधावी, याविषयी ही भिंत त्याला काही सांगू शकत नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या व्हेइव्हा ग्रंथालयाचे आहे. मस्क्वियम लोकांच्या भूमीवर १९९३ साली उघडलेली ही वास्तू आकाराने लहान आहे. अंतर्भागातील सेलिश लोक हिवाळ्यासाठी अर्धे जमिनीत खोदलेले वर्तुळाकार घर बांधीत. त्याच धर्तीवर तिची रचना झाली. ‘प्रतिध्वनी’ या अर्थाचे तिचे स्क्वामिश नाव सायमन बेकर या स्क्वामिश प्रमुखांनी दिले. एवढ्यावरच हा प्रयत्न थांबला असता, तर मेक्सिकोच्या तुलनेत त्यास एक नेटके अनुकरण म्हणावे लागले असते. त्याचे वेगळेपण ग्रंथांच्या मांडणीत आहे.

अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाच्या वर्गीकरणात मूलनिवासी समाजांविषयीचे ग्रंथ मुख्यतः इतिहासाच्या वर्गात पडतात आणि तेथे एकेका समाजाचे ग्रंथ इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लागतात. परिणामी एकाच नदीच्या काठी राहणारे शेजारी फळीवर दूर जातात व हजारो मैलांवरचे समाज निव्वळ अक्षरयोगाने शेजारी येतात. कानावाके येथील मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डियर यांनी १९७० च्या दशकात ‘नॅशनल इंडियन ब्रदरहुड’च्या संग्रहासाठी निराळी पद्धती रचली. तीमध्ये समाजांचा क्रम त्यांच्या भूमीच्या व परस्परसंबंधांच्या आधारे लागतो. व्हेइव्हा ग्रंथालयात या पद्धतीचे स्थानिक रूपांतर वापरले जाते आणि विषयशीर्षकांत समाजांनी स्वतः स्वीकारलेल्या नावांना प्राधान्य मिळते. भूमीशी असलेले नाते मेक्सिकोत दगडातून व्यक्त झाले; येथे ते ग्रंथक्रमांकातून व्यक्त होते.

या मार्गाचे मोलही मोजावे लागते. प्रचलित पद्धतीत इतर ग्रंथालयांनी आधीच तयार केलेली वर्गीकरणे उचलता येतात. स्वतंत्र पद्धतीत ते श्रम ग्रंथपालास पुन्हा करावे लागतात. एकाच विद्यापीठात दोन पद्धती नांदल्या, की वाचकालाही दोन्ही शिकाव्या लागतात. शिवाय डियर यांची पद्धती एका विशिष्ट लहान संग्रहाच्या गरजेतून जन्मली; तिच्यावर लाखो ग्रंथांचा भार टाकणे अन्यायाचे होईल. हे आक्षेप खरे आहेत. परंतु ते गैरसोयीचे आक्षेप आहेत, तत्त्वाचे नव्हेत. वर्णानुक्रम व इतिहासवर्ग ही व्यवस्थाही कोणाच्या तरी सोयीसाठीच झाली होती. सवयीमुळे ती तटस्थ भासते, इतकेच.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा विचार परका वाटू नये. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकावर येते. भिल्ल किंवा वारली समाजातील मौखिक कथांचा संग्रह मात्र लोकसाहित्य म्हणून सामाजिक शास्त्रांतील ३९८ या क्रमांकाखाली जातो. संतकवीची रचना साहित्य ठरते आणि आदिवासी कथनकाराची रचना समाजाभ्यासाची सामग्री. अशा ग्रंथालयाच्या प्रवेशद्वारी वारली चित्रे रेखाटली, तरी हा निवाडा बदलत नाही.

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. भिंतीवरील चित्र एकदा पूर्ण झाले, की त्यात भर पडत नाही. मांडणीत प्रत्येक नव्या ग्रंथाबरोबर भर पडते आणि प्रत्येक वेळी त्या ग्रंथाचे स्थान नव्याने ठरवावे लागते. ओगोर्मान यांची भिंत कलाकृती म्हणून व्हेइव्हाच्या वर्तुळापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु मूलनिवासी संस्कृतीस ग्रंथालयात स्थान मिळाले की नाही, याची कसोटी कलागुणांवर लागत नाही. त्या समाजातील विद्यार्थ्यास आपल्या लोकांचे ग्रंथ आपल्या नावाने आणि आपल्या शेजाऱ्यांच्या सान्निध्यात सापडतात काय, या प्रश्नाच्या उत्तरावरच ती लागते.