सहवास, समता आणि पूर्वग्रह : ऑलपोर्टप्रणीत उपपत्तीचे एक परीक्षण

समूहासमूहांतील पूर्वग्रहांच्या निरसनाचा मानसशास्त्रीय विचार ज्या ग्रंथापाशी येऊन थांबतो किंवा जेथून पुढे निघतो, तो गॉर्डन ऑलपोर्ट यांचा ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ हा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. सदोष व ताठर सामान्यीकरणावर आधारलेली अप्रीती म्हणजे पूर्वग्रह, अशी त्यांची व्याख्या आहे. भिन्न समूहांतील व्यक्ती समान दर्जाने, समान उद्दिष्टासाठी, परस्परसहकार्याने आणि कायदा, रूढी वा अधिकारी संस्था यांच्या पाठिंब्याने एकत्र आल्या म्हणजे ही अप्रीती उणावते, ही त्यांची उपपत्ती. या चार अटी पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत, की त्यांच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परस्परांपासून दूर राहिलेल्या समूहांना एकमेकांची खरी ओळख नसते आणि या अनोळखीपणातूनच सामान्यीकरण सदोष बनते, असे हे गृहीतक आहे. अमेरिकेतील विभक्त वस्त्या, लष्करातील तुकड्या आणि सार्वजनिक गृहयोजना यांवरील संशोधनातून आकारास आलेल्या विचारात ते स्वाभाविकच होते. कोकणातील खेड्यात मात्र ते कितपत टिकते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे यांच्या दरम्यानचे कासू हे गाव त्यासाठी विचारात घेता येईल. पनवेल-रोहे लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधले हे स्थानक. गाडीच्या डब्यात या पट्ट्यातील आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध, मुसलमान आणि कातकरी प्रवासी एकाच बाकावर बसतात. ऑलपोर्ट यांनी अशा ओझरत्या संपर्काला फारसे मोल दिलेले नाही. किंबहुना असा संपर्क पूर्वग्रह वाढवूही शकतो, असे त्यांचे मत होते. येथवर त्यांच्याशी कोणाचा वाद होणार नाही. खरा प्रश्न गाडीतून उतरल्यावर उपस्थित होतो. या टापूत कातकऱ्यांच्या वाड्या बहुधा गावाच्या कडेला असतात. त्या वाड्यांतील माणसे गावच्या शेतात राबतात आणि पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मालक मजुराला नावाने ओळखतो, त्याच्या बापालाही ओळखत असतो, त्याच्या घरच्या अडीनडीही त्याला ठाऊक असतात. येथे ओळखीचा अभाव नाही. सहवास तर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

बलुतेदारीतील गावगाड्यालाही हेच लागू पडते. गावाच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण मानीत. तोच महार पाणवठ्यावर मात्र अस्पृश्य. एवढी दाट ओळख आणि एवढे काटेकोर अंतर एकत्र नांदू शकते, याचा अर्थ असा की येथील अंतर अज्ञानातून निपजलेले नसून ते संपर्काच्या नियमांतच गोवलेले होते. कोणी कोणाच्या हातचे घ्यावे, कोणी कोठवर यावे, कोणी कोणाला कसे हाकारावे, हे सारे ठरलेले होते. अप्रीती नसतानाही हे नियम पाळता येतात, आणि ऑलपोर्ट यांच्या व्याख्येची अडचण नेमकी हीच आहे. मजुरावर माया करणारा मालक अभिवृत्तिमापनाच्या श्रेणीवर निर्दोष ठरेल. मेरी जॅकमन यांनी ‘द व्हेल्व्हेट ग्लोव्ह’ (१९९४) या ग्रंथात वर्चस्व आणि वत्सलता यांचे हे साहचर्य विस्ताराने दाखविले आहे. कोकणातील वाचकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

याच जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाडचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ऑलपोर्ट यांची चौथी अट, अधिकारी संस्थेचा पाठिंबा, कागदावर पुरी झाली होती. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्य मानलेल्या कोणालाही ते पाणी घेता आले नाही. त्या दिवशी डॉ. आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात ते शिरणार अशी आवई उठली, प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, ‘अधिकारी संस्था’ हा शब्द एकवचनी वापरता येत नाही. कायदेमंडळ एक सांगते, जातपंचायत दुसरे, आणि खेड्यातला माणूस दुसरीच्या दंडाला अधिक भितो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांनी हल्ला केला त्यांना प्रतिनिधींची ओळख नव्हती म्हणून तो झाला नाही. ठरलेल्या नियमाबाहेरचा, समान दर्जाचा संपर्क घडला म्हणून तो झाला. ऑलपोर्ट ज्याला पूर्वग्रह-निरसनाची पूर्वअट मानतात, तो समान दर्जाच येथे संघर्षाचा विषय होता. जी गोष्ट झगडून मिळवावी लागते तिला उपायाची सामग्री म्हणून गृहीत धरणे, हा या उपपत्तीतील तार्किक दोष म्हटला पाहिजे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये मांडलेला विचार मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. जात ही विटांची भिंत नसून मनाची एक स्थिती आहे, असे तेही मानतात. इतके की वरवर वाचणाऱ्यास ते मानसशास्त्रज्ञांच्याच पंगतीला बसल्यासारखे वाटावेत. परंतु हे मन एकट्या व्यक्तीचे नाही. त्याला शास्त्राच्या पावित्र्याचा आधार आहे, आणि माणसे जात पाळतात ती दुष्टपणाने नव्हे, धर्मनिष्ठेने, हे त्यांचे निदान आहे. म्हणूनच सहभोजनाविषयी त्यांना फारशी आशा वाटत नव्हती. त्या काळात कोकणात सहभोजने होत होती. रत्नागिरीस १९३१ साली पतितपावन मंदिरही सर्व जातींसाठी उघडले गेले. त्या कार्यकर्त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र पंगतीतून उठल्यावर माणूस ज्या घरी, ज्या सोयरिकीत आणि ज्या शेतावर परततो, ते सारे पूर्वीसारखेच राहते. यावर ऑलपोर्ट यांच्या चार अटींपाशी काहीच उत्तर नाही.

अलीकडील संशोधनाने ही टीका काही अंशी पुष्ट केली आहे, तर काही अंशी तिला मर्यादाही घातली आहे. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः घटतो असा निष्कर्ष काढला. परंतु हा परिणाम खालच्या दर्जाच्या समूहांच्या बाबतीत क्षीण असतो, हेही त्यांनीच दाखविले. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात पुरुषांना क्रिकेटच्या मिश्रजातीय वा एकजातीय संघांत यदृच्छया विभागले. एकाच संघात खेळल्याने आंतरजातीय मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून झालेल्या संपर्काचा तसा हितकर परिणाम झाला नाही (२०२१). संपर्क अगदीच निष्फळ, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा. तथापि संघातील फलंदाज आणि गोलंदाज एकमेकांचे ऋणको-धनको नसतात, हेही विसरून चालणार नाही. प्रयोगकर्त्याने आखलेल्या मैदानातील समता आणि भट्टीवरील उचल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातील मुलांच्या शिबिरात सामायिक गरजेचा प्रभाव दाखविला. त्याला समांतर असे उदाहरण कुलाब्यातच सापडते. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. त्या लढ्याला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. महार आणि कुणबी कुळे त्यात एकत्र चालली. शेरीफ यांच्या शिबिरातील मुले जवळजवळ एकाच थरातील होती आणि त्यांचे वैर शिबिरातच उत्पन्न केलेले होते. कोकणातील कुळांना पिढीजात उच्चनीचता ओलांडून एकत्र यावे लागले, आणि सामायिक गरज कोणा संशोधकाने योजलेली नव्हती, ती खोताच्या खंडाने निर्माण केली होती. पूर्वग्रह-निरसनाचे कोकणातील संशोधन पंगतीपेक्षा खंडाकडे वळले असते, तर त्याला अधिक सामग्री मिळाली असती.

कासूसारख्या गावात आज कोणी अभ्यास हाती घेतला, तर कातकऱ्यांविषयी किती आपुलकी वाटते, हे विचारून फारसे हाती लागणार नाही. उचल फिटल्यावर तोच मजूर दर ठरविण्यासाठी मालकासमोर खुर्चीवर बसला, तर मालकाला काय वाटते, आणि बसताना त्या मजुराला काय वाटते, हे दोन्ही विचारावे लागेल.