विद्यार्थ्याचे वाचन आणि साहित्याचे अध्यापन : ‘बलुतं’च्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

साहित्याच्या अध्यापनात लेखक आणि साहित्यकृती या दोन घटकांचा विचार जितक्या विस्ताराने होतो, तितका वाचणारा विद्यार्थी या तिसऱ्या घटकाचा होत नाही. लेखकाचा परिचय, कालखंड, वाङ्मयप्रकार, वाङ्मयीन विशेष हा क्रम वर्गात ठरून गेलेला आहे. कृती वाचताना विद्यार्थ्याच्या मनात नेमके काय घडले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही; म्हणून तो वर्गातही येत नाही. त्याची जागा गाईडमधील तयार उत्तर घेते. विद्यार्थ्याचे जीवनानुभव हे वाचनातील अडथळे मानावेत की वाचनाचे साधन, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाच्या आधारे केला आहे.

अडथळ्यांची मीमांसा : रिचर्ड्स आणि अभिनवगुप्त

विद्यार्थी साहित्य कसे वाचतात याचा पद्धतशीर शोध घेणारे आय. ए. रिचर्ड्स यांचे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. केंब्रिज येथील विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे न देता कविता वाचायला दिल्या आणि लेखी अभिप्राय मागविले. पुस्तकात अशा १३ कवितांवरील अभिप्रायांची चिकित्सा आहे. कवीचे नाव झाकले जाताच नामांकित विद्यापीठातील विद्यार्थीही चाचपडू लागले. रिचर्ड्स यांनी वाचनातील १० अडचणी नोंदविल्या. कवितेचा साधा वाक्यार्थच न कळणे ही त्यांतील पहिली. कवितेशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी मध्ये येणे, साचेबंद प्रतिसाद देणे, भावविवशता आणि पूर्वनिश्चित मतांचा आग्रह या त्यांतील इतर काही.

भारतीय काव्यशास्त्रात या विचाराशी जुळणारी मांडणी कितीतरी आधी आढळते. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणारी ७ विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या सुखदुःखाने प्रेक्षक विवश होणे हे त्यांतील एक. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, या विघ्नाच्या निवारणाचा भार अभिनवगुप्त एकट्या प्रेक्षकावर टाकत नाहीत. गायन, वादन, रंगमंडपाची शोभा यांच्या योजनेने ते दूर होते, असे ते सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांच्या मते काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय. म्हणजेच सहृदयता अभ्यासाने घडते. ती घडविण्याची व्यवस्था करणे हे अध्यापनाचेही काम ठरते.

तरीही या दोन्ही मांडण्यांत वाचकाचे खासगी जीवन प्रामुख्याने बाधक म्हणून येते. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंदवादी सौंदर्यविचार दलित साहित्याला अपुरा पडतो, अशी भूमिका मांडली. तिचा रोख साहित्यकृतीच्या मूल्यमापनावर आहे. हाच प्रश्न वर्गातील वाचकाच्या बाजूनेही विचारता येतो.

वाचन : एक देवाणघेवाण

लुईज रोझेनब्लाट यांनी ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ (१९३८) आणि ‘द रीडर, द टेक्स्ट, द पोएम’ (१९७८) या ग्रंथांत वाचनाकडे वाचक व संहिता यांच्यातील देवाणघेवाण म्हणून पाहिले. माहिती हाती घेऊन बाहेर पडण्यासाठी केलेले वाचन आणि वाचत असताना जे जगले जाते त्याकडे लक्ष ठेवून केलेले वाचन, असा भेद त्यांनी केला. गाईडमधील उत्तर पहिल्या प्रकारच्या वाचनाचा अर्क असते. परंतु कोणताही अर्थ चालेल, असे रोझेनब्लाट म्हणत नाहीत. संहितेतील कोणत्याही भागाशी अर्थाचा विरोध नसावा आणि संहितेत ज्याला शाब्दिक आधार नाही असे काही तिच्यावर लादू नये, या दोन कसोट्या त्या सांगतात. त्यामुळे विद्यार्थ्याचा प्रतिसाद हा वाचनाचा आरंभ ठरतो. तेथून त्याला संहितेकडे परतावे लागते.

‘बलुतं’ आणि वर्गातील वाचक

‘बलुतं’वरील तयार उत्तरे सामान्यतः वेदना, नकार आणि विद्रोह या ३ शब्दांभोवती फिरतात. हे शब्द चुकीचे नाहीत. ते वाचनाआधीच हाती येतात, ही खरी अडचण आहे. हाच रिचर्ड्स यांच्या परिभाषेतील साचेबंद प्रतिसाद होय. तो कोणत्याही दलित आत्मकथनाला चिकटविता येतो आणि म्हणून ‘बलुतं’विषयी विशेष असे काहीच सांगत नाही.

प्रथम शीर्षकाचाच विचार करावा. ग्रामव्यवस्थेच्या रूढ वर्णनात बारा बलुतेदार हे स्वयंपूर्ण गावाचे भूषण म्हणून येतात. सुगीत कारागिराने आपला धान्याचा वाटा न्यावा, असे त्याचे सोज्ज्वळ चित्र असते. महारांच्या वाट्याला मात्र वेठ, सांगावे पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे आणि येसकर पाळीला घरोघर भाकरी मागत फिरणे आले. ही वतने कायद्याने संपविण्याची तरतूद १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियमाने झाली. एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला ‘बलुतं’ हा शब्द पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतो, तर दुसऱ्याला आजीच्या तोंडून. दुसऱ्याची ही आठवण अप्रस्तुत ठरवून बाजूला सारली, तर शीर्षकातील उपरोधच हातचा जातो. येथे खासगी अनुभव हा वाक्यार्थ कळण्याचा मार्ग बनतो.

यापुढची पायरी निवेदनाची. ‘बलुतं’च्या आरंभी दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगू लागतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. मात्र त्यांच्यामध्ये शिक्षण, नोकरी आणि शहर उभे आहे. तयार उत्तरांत ‘लेखक म्हणतो’ या दोन शब्दांत ही दोन्ही रूपे विरघळून जातात. वस्तुतः ऐकणाऱ्या दया पवारांच्या रूपाने या कृतीने आपला पहिला वाचक संहितेच्या आतच बसविला आहे. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी नेमका याच जागी उभा असतो. गावातील स्वतःचे जुने रूप त्याच्याशी बोलत असते आणि ते ऐकावे की टाळावे, हे त्याला उमगत नसते. ‘हे सारे उघड्यावर का आणावे?’ असा त्याचा प्रश्न असेल, तर तो अरसिकतेचे लक्षण मानता येणार नाही. निवेदकाचे दुभंगलेपण ज्या अस्वस्थतेतून आले, तिच्यापर्यंत तो विद्यार्थी पोचलेला असतो. उलट ‘आता असे काही राहिलेले नाही’ हा दुसऱ्या विद्यार्थ्याचा दिलासा संहितेवर ताडून पाहावा लागतो. दगडूचा पाठलाग गावाबरोबर संपत नाही; मुंबईच्या कावाखान्यातही तो सुरूच राहतो.

अध्यापनासाठी काही सूचना

येथे एक धोका आहे. अनुभवाला महत्त्व द्यायचे म्हणून त्या समाजातील विद्यार्थ्याला वर्गात उभे करून ‘तू सांग’ म्हणणे, म्हणजे त्याला वाचकाऐवजी साक्षीदार बनविणे होय. त्याने बोलावे की मौन राखावे, हा त्याचा अधिकार आहे. रिचर्ड्स यांनी कवितेवरील कवीचे नाव झाकले. मराठी वर्गात त्याऐवजी वाचकाचे नाव झाकणे अधिक गरजेचे आहे, कारण येथे आडनाव वाचले की मजकुराआधी जात वाचली जाते. व्याख्यानापूर्वी विद्यार्थ्यांकडून निनावी लेखी प्रतिसाद घ्यावेत, ते वर्गात वाचावेत आणि प्रत्येकाला संहितेत कोठे आधार मिळतो वा विरोध होतो, याचा शोध सर्वांनी मिळून घ्यावा. समीक्षेच्या संज्ञा त्यानंतर द्याव्यात. अंतर्गत मूल्यमापनातही या प्रतिसादाला गुण नसावेत. संहितेकडे परतून विद्यार्थ्याने त्यात जो बदल केला त्याला असावेत. मोठ्या वर्गात हे वेळखाऊ आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि अभ्यासक्रमातील एका तरी कृतीबाबत ते करणे अशक्य नाही.

समारोप

विद्यार्थी वाचत नाहीत, ही तक्रार प्राध्यापकवर्गात नेहमी ऐकू येते. ती करण्यापूर्वी त्यांच्या वाचनाला वर्गात जागा दिली होती काय, हे तपासणे आवश्यक आहे. जीवनानुभव हा स्वभावतः विघ्नही नाही आणि प्रमाणही नाही. संहितेच्या कसोटीला उतरला तर तो सहृदयतेची वाट होतो, न उतरला तर विघ्न ठरतो. तयार उत्तर मात्र या कसोटीची वेळच येऊ देत नाही. दगडूची कहाणी दया पवारांनी आधी ऐकून घेतली, म्हणून ‘बलुतं’ लिहिले गेले. साहित्याच्या वर्गाला तेवढे ऐकून घेणे साधले, तर विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य लिहिण्याचे धैर्य येईल.