चाळीची मागची बाजू

महानगरातील ओसाड, विस्मृत जागांचा शोध हा अलीकडे समीक्षेचा आवडता विषय झाला आहे. हा शोध बहुधा पडक्या वास्तू आणि बंद गिरण्या यांच्यापाशी थांबतो. गिरगावातील फणसवाडीत असा अवशेष शोधू गेल्यास हाती नावच तेवढे लागते. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट : लागवड गेली, शब्द उरला. या वस्तीतील खरी दुर्लक्षित जागा दोन चाळींच्या पाठी एकमेकींसमोर येतात तेथे आहे. तिला घरगल्ली म्हणतात.

घरगल्लीत कोणाचेही दार उघडत नाही. मोऱ्यांचे सांडपाणी, मैला आणि वरून भिरकावलेला केर यांसाठी ती राखलेली असे. जलवाहिनीचे शौचकूप येण्यापूर्वी मैल्याच्या टोपल्या उचलणारा कामगार याच वाटेने येई. हे काम कोणत्या जातींच्या माथी होते, हे सांगावयास नको. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात त्यासाठी 'हलालखोर करा'ची तरतूद होती. पालिकेच्या हिशेबात तो कामगार होता. चाळीच्या वाङ्मयात मात्र त्याची नोंद अभावानेच सापडते.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील जग गॅलरीतून आणि जिन्यातून उलगडते. त्यातील विनोद सहृदय आहे. अखेरच्या चिंतनातील करुण स्वर तर अस्सलच. परंतु ज्या सामूहिक जीवनासाठी ही हळहळ आहे, त्याची घाण कोण उपसत होते, हा प्रश्न त्या रचनेच्या कक्षेत येत नाही. निवेदक चाळीच्या पुढल्या बाजूस उभा आहे, आणि तेथून घरगल्ली दिसत नाही.

ती दिसते नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'त (१९७२). कामाठीपुऱ्याचा हा परिसर फणसवाडीपासून पायी फार दूर नाही. तरीही आपण ही दोन पुस्तके 'विनोदी साहित्य' आणि 'दलित साहित्य' अशा दोन कप्प्यांत ठेवली. (ही सोय वाचकांपेक्षा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची.) परिणामी ढसाळांची मलमूत्राची प्रतिमासृष्टी कधी विद्रोह म्हणून गौरवली गेली, कधी बीभत्स म्हणून नाकारली गेली, शहराच्या बांधणीचे वर्णन म्हणून ती क्वचितच वाचली गेली. हे वर्णन कामाठीपुऱ्यापुरते मर्यादित नाही. पु.लं.च्या चाळीची मोरीही त्याच गटाराला मिळते.