अंगावरचे मूल आणि आपले वाङ्मय

कार्तिक हा दामोदराचा महिना. दिवाळीचे आकाशकंदील उतरले तरी काकडआरतीच्या वेळी देवळात दामोदराचे नाव चालूच असते. दामोदर म्हणजे ज्याच्या पोटाला दावे बांधले तो. हे दावे कोणी बांधले, ते घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. का बांधले, असे विचारले तर तेही ते सांगेल: मडके फोडले, लोणी चोरले, म्हणून. परंतु मडके का फोडले, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर उत्तर देणारे वडील माणूस किंचित अडखळते.

उत्तर भागवताच्या दशमस्कंधात, नवव्या अध्यायात आहे. यशोदा दही घुसळीत बसली होती. कृष्ण चालत आला, त्याने रवी धरून ठेवली आणि तो प्यायला मागू लागला. तिने त्याला मांडीवर घेऊन पाजले. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले, तेव्हा त्याचे पोट भरण्यापूर्वीच त्याला खाली ठेवून ती उठली. अर्ध्यावर उठवलेल्या त्या मुलाने रागाने दगड घेऊन दह्याचे मडके फोडले, आत जाऊन उखळावर चढून लोणी खाल्ले, माकडांनाही वाटले, आणि आई काठी घेऊन येते आहे असे दिसताच धूम ठोकली. हे मूल पाळण्यातले नव्हे. ते चालते, पळते, चढते, रागावते, आणि त्याच्या खोड्यांची गाऱ्हाणी गौळणींनी आदल्याच अध्यायात घातलेली आहेत. अशा मुलाने आईच्या अंगावर प्यावे, यात भागवतकाराला लपवण्यासारखे काही वाटले नाही, आणि मुद्दाम मिरवण्यासारखेही काही वाटले नाही. घाटकोपरच्या चौकात गोकुळाष्टमीला थरांवर थर चढतात आणि हंडी फुटली की सारा रस्ता ओरडतो. कृष्णाने फोडलेल्या मडक्यांपैकी निदान एकामागे मध्येच सुटलेले दूध होते, ही गोष्ट मात्र त्या गर्दीत कोणाला आठवत नाही.

ही विस्मृती आपोआप झालेली नाही, असे मला वाटते. आपल्या वाङ्मयाने पान्ह्याचे औदार्य अपार दाखवले आहे. देव, गुरू, नदी, भूमी, भाषा या सर्वांना त्याने आई केले आणि सर्वांना पान्हा फोडला. फक्त ज्याला खरोखर दूध हवे असते, त्या दोन-अडीच वर्षांच्या चालत्याबोलत्या मुलाला त्याने बाहेर ठेवले. हा विरोध तपासून पाहण्यासारखा आहे.

प्रथम भाषाच घेऊ. मराठीत या विषयाचे शब्द किती जिवंत आहेत! मूल 'अंगावर' असते, त्याला 'अंगावरचे' देतात, पुढे 'अंगावरून तोडतात'. एका आईचे दूध प्यालेले दोघे 'दूधभाऊ' होतात. घरचे शेवटचे मूल 'शेंडेफळ'. ते सर्वांत जास्त काळ पिते, कारण त्याच्या मागून त्याची जागा घेणारे कोणी येत नाही. पूर्वी आईचे दूध बहुधा कॅलेंडर तोडीत नसे, पुढचे बाळंतपण तोडीत असे. परंतु 'तान्हे' हा लाडका शब्द एकदा मुलाला सोडून गेला की पिणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे सन्मानाचा शब्दच उरत नाही. उरते ते एकच वाक्य: "एवढा घोडा झालाय, आणि अजून पितो?" तान्हे आणि घोडा यांच्यामध्ये कुठेही थांबा नाही.

आता काव्याकडे वळू. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरूची कृपादृष्टी आई होऊन येते. ती साधकाला जोजवते, निजवते आणि योगातल्या सतराव्या कलेचे स्तन्यही देते. रसिकांनी या रूपकाची कोवळीक वाखाणली आहे, ती योग्यच आहे. पण येथे पिणारा कोण आहे, इकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? तो तान्हा नाही. तो योगी आहे, वयाने आणि विचाराने वाढलेला, साधनेच्या वाटेवर बरेच अंतर चाललेला. आणि म्हणूनच ते रूपक खोल जाते. कळू लागल्यावरही ज्याला आईकडे परत यावेसे वाटते, त्याचे ते चित्र आहे. ज्ञानेश्वरांना माउली म्हणणारे वारकरी आळंदीहून पंढरपूरला पायी जातात, त्यांत पांढऱ्या मिशांची माणसे असतात. माउलीपाशी कोणाचेही वय विचारले जात नाही. तमिळ देशी तर याहून स्पष्ट कथा आहे. शीर्काळीच्या तळ्याकाठी रडणाऱ्या तीन वर्षांच्या संबंदराला प्रत्यक्ष उमेने आपले दूध दिले, आणि त्या दुधाबरोबर त्याच्या तोंडून पहिले गीत निघाले. तीन वर्षांचे मूल! तेथे ते दूध कवित्वाचे मूळ ठरले. आपल्या इमारतीच्या जिन्यात त्याच वयाला ते हसण्याचे कारण ठरते.

अध्यात्माने जे मान्य केले ते लौकिक कथेने का टाळले, हे पाहायचे तर हिरकणीकडे गेले पाहिजे. रायगडावर दूध विकायला गेलेली ही गवळण. कोजागिरीच्या संध्याकाळी गडाचे दरवाजे लागले, आणि घरी तान्हे भुकेले असेल म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, त्या जागी बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे. दिवसभर दुसऱ्यांना दूध विकणारी बाई रात्री स्वतःच्या दुधासाठी जीव धोक्यात घालते, या विसंगतीतच कथेचे बळ आहे. प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला आणि सोनाली कुलकर्णी यांनी भूमिका केलेला 'हिरकणी' हा चित्रपट २०१९ साली दिवाळीच्या तोंडावरच आला, आणि घरोघरची मंडळी तो पाहायला गेली. कड्याला चित्रपटाने न्याय दिला. पण कथेची एक अट सर्वांनी निमूट पाळली आहे: हिरकणीचे मूल तान्हेच असले पाहिजे. ते दोन वर्षांचे असते तर? त्याची भूक भाकरीने भागली असती हे खरे. पण अंधारात आईवाचून निजू न शकणाऱ्या मुलाची ओढ काय कमी होती? तरीही त्या बाईला बुरूज मिळाला नसता. 'शेजारणीने दूधभात घातला असता, कडा कशाला उतरायचा?' असेच लोक म्हणाले असते. आपले कौतुक मातृत्वाला फार थोडी मुदत देते.

हिरकणीचे नाव आज एसटीच्या स्थानकांवर वाचायला मिळते. मुलाला पाजण्यासाठी ठेवलेल्या आडोशाच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. जी बाई उघड्या कड्यावरून उतरली तिचे नाव बंद दाराला लाभावे, यावर टीकाकाराने एखादे चुरचुरीत वाक्य लिहावे असा मोह होतो. पण लांबच्या प्रवासाने थकलेल्या बाईला ते दार हवे असते, आणि तिच्या गरजेपुढे आपले वाक्य थिटे पडते. प्रश्न दाराचा नाही. दाराबाहेरच्या नजरेचा आहे, आणि ती नजर घडवण्यात वाङ्मयाचा हात आहे.

चित्रपटाचे उदाहरण पाहा. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत चित्रित झालेल्या किती हिंदी चित्रपटांत नायक खलनायकाला आईच्या दुधाचे आव्हान देतो! तिशीतला, छाती पुढे काढलेला गडी आपल्या पराक्रमाचा दाखला म्हणून त्या दुधाकडे बोट दाखवतो, आणि चित्रपटगृह टाळ्या वाजवते. त्याच टाळ्यांच्या गजरात शेजारच्या खुर्चीवरचे तीन वर्षांचे मूल आईचा पदर ओढू लागले, तर मागची रांग पुढे वाकून पाहील. म्हणजे दूध प्यालो होतो हे सांगणे पुरुषार्थ, आणि पिणे मात्र लाजिरवाणे. दुधाचे ऋण आम्हाला आवडते. देणे चालू असताना पाहवत नाही.

या नजरेची परीक्षा उपनगरात दररोज होते. बोरिवली, मुलुंड येथून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आईला दिवसाचे बारा तास मुलापासून दूर राहावे लागते. संध्याकाळी दार उघडताच मूल तिच्या अंगावर येते, ते केवळ भुकेने नव्हे. दिवसभराच्या विरहाचा हिशेब ते मागत असते. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, बालवाडीत घालायचं ना आता याला? मग अजून कसला पाजतेस?" याच काकूंनी खालच्या मजल्यावरच्या सुनेला सहाव्या महिन्यात बाटली भरताना पाहून विचारलेले असते, "अंगावरचं देत नाहीस का गं?" आधी का नाही आणि नंतर का, या दोन प्रश्नांच्या मध्ये आईने निर्दोष राहावे असे किती महिने उरतात, हे कोणी मोजलेले नाही.

मोजमापे मात्र पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि नंतर इतर अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्यापुढेही. दुसऱ्या वर्षीही मुलाच्या गरजेच्या सुमारे तृतीयांश उष्मांक या दुधातून मिळू शकतात. कुराणात पुरी दोन वर्षे सांगितली आहेत. वाग्भटाने दात आल्यावर मुलाला हळूहळू दुधावरून काढावे असे म्हटले. त्यातले 'हळूहळू' महत्त्वाचे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावरच्या आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन विराम दिले, ते मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच मुदत ठेवली. यशोदेच्या दाव्याप्रमाणे प्रत्येक मापाला दोन बोटे कमी पडतात, कारण मूल आणि आई यांचे जोडपे दर घरी निराळे असते.

याच मुंबईने या बाबतीत एक मोठे काम केलेले आहे, आणि ते वाङ्मयाच्या नजरेतून निसटले आहे. शीव म्हणजे सीमा. तेथे जुने बेट संपते आणि उपनगर सुरू होते. त्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली; आशियातली ती पहिली मानली जाते. एकीचे दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तेथे मिळू लागले. कोणत्या जातीचे, कोणत्या वस्तीतले, हे बाटलीला कळत नाही. इतके दूधभाऊ एका छपराखाली! आपल्या कथाकारांना याहून चांगले कथाबीज कोणते हवे होते?

दुसऱ्या टोकालाही सावध राहिले पाहिजे. २०१२ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर खुर्चीवर उभे राहून पिणारा सुमारे चार वर्षांचा मुलगा छापला. २०१८ साली केरळच्या 'गृहलक्ष्मी' नियतकालिकाने पाजणाऱ्या स्त्रीचे चित्र मुखपृष्ठावर घेतले. त्यावर अश्लीलतेची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. फेटाळली ते योग्यच. पण दोन्ही चित्रांतली स्त्री मुलाकडे पाहत नाही, ती आपल्याकडे पाहते. तिला आपल्याशी वाद घालायचा आहे. वाद आवश्यक असेल, पण पाजणारी आई वादात नसते. तिचे लक्ष बहुधा चुलीवरच्या दुधाकडे असते.

आणि गौरवाचेही ओझे असते. महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेतली यशोदा पोटासाठी धन्याच्या घरची मुले पाजते, त्या घरी देवीसारखी मानली जाते, आणि शेवटी स्तनांच्या कर्करोगाने एकटी मरते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनातल्या बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नसतो. पान्हा आकाशातून उतरत नाही, तो भाकरीतून तयार होतो, हे या दोघींनी ज्या रोखठोकपणे सांगितले तितके रूपकांच्या मागे लागलेल्या वाङ्मयाने क्वचितच सांगितले. म्हणून जिला जमले नाही, जिने लवकर तोडले, जिला नकोसे झाले, तिलाही याच न्यायाने मोकळीक हवी. अडीच वर्षे पाजणे ही पदवी नव्हे आणि तीन महिन्यांत थांबणे हा गुन्हा नव्हे.

मग वाङ्मयाकडून मागायचे ते काय? प्रचार नको. आपल्या कथाकादंबऱ्यांतून जन्म आहे, बारसे आहे, मृत्यू आहे. दूध तोडण्याचा दिवस सहसा येत नाही. कडुनिंबाचा पाला वाटून लावलेली ती रात्र, कोरफडीच्या कडू चवीने चक्रावलेले मूल, भिंतीकडे तोंड करून निजलेली आई, आणि दोघांच्या मध्ये झोपायला पाठवलेली आजी: माणसाच्या आयुष्यातला हा पहिला वियोग आहे, आणि तो दोघांचाही आहे. एकाला तो आठवत नाही, दुसरी तो कोणाला सांगत नाही. असा अनुभव लेखकाची वाट पाहत घरोघर पडून आहे.

तो कसा लिहावा, याचा धडाही त्या नवव्या अध्यायातच आहे. तेथे मुलाने मागितले म्हणून त्याला कोणी हसले नाही. आई अर्ध्यावर उठली म्हणून तिला कोणी दोष दिला नाही. दूध उतू जात होते, ती उठली. मूल चिडले, त्याने मडके फोडले. दोघांचेही बरोबर होते, आणि व्यासांनी दोघांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही.