चंद्र, तेरा तारे आणि खोटी साक्ष

साबणाच्या वडीत सैतान वसतो काय, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकेतील हजारो श्रद्धावंत ख्रिस्ती कुटुंबांनी तो गांभीर्याने विचारला होता. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी सैतानाच्या उपासकांची आहे, असे सांगणारे पत्रक १९८० नंतरच्या दशकात तेथील चर्चमधून हातोहात फिरले. आपल्या घरातील व्हिक्सची डबी १९८५ पासून याच कंपनीची, तेव्हा प्रकरण आपल्यालाही अगदीच परके नाही. त्या पत्रकाकडे एक लेखन म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

पत्रकाचे म्हणणे असे की, कंपनीच्या अध्यक्षाने फिल डोनाह्यू यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आपली सैतानभक्ती उघडपणे कबूल केली, आणि कंपनीचे बोधचिन्ह हा तिचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. चिन्हात चंद्राचा दाढीवाला चेहरा आणि तेरा तारे. तारे रेषांनी जोडा, दाढीची वळणे आरशात पाहा, म्हणजे ६६६ दिसेल! प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाचा हा आकडा. बाराव्या अध्यायातील स्त्रीच्या मस्तकी बारा तारे आहेत आणि पायांखाली चंद्र. हे ज्यांना पाठ, त्यांनाच असले चिन्ह खुपते. पत्रकाचा वाचक बायबल न जाणणारा नव्हता. ते अर्धवट जाणणाऱ्यासाठीच ते लिहिलेले होते.

वस्तुस्थिती फार साधी आहे. १८३७ साली सिनसिनाटी येथे दोघा साडूंनी मेणबत्त्या व साबण यांचा धंदा काढला. पुढे १८५१ च्या सुमारास मेणबत्त्यांच्या खोक्यांवर हमाल ओळखीसाठी खूण करीत. तिचाच तारा झाला. तारे तेरा, कारण अमेरिकेच्या मूळ वसाहती तेरा. अध्यक्ष त्या कार्यक्रमात कधी गेलेच नव्हते. बिली ग्रॅहम, जेरी फॉलवेल यांच्यासारख्या धर्मोपदेशकांनी १९८२ साली कंपनीच्या बाजूने ग्वाही दिली, तरी पत्रक थांबले नाही. पुढील आवृत्तीत डोनाह्यू जाऊन सॅली जेसी राफाएल आल्या, तारीख पडली १ मार्च १९९८. त्या दिवशी रविवार होता. कार्यक्रम मात्र सोमवार ते शुक्रवार दाखवला जाई. पत्रकाने दिलेला एकमेव पडताळता येण्याजोगा तपशील भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे टिकत नाही.

१९९५ मध्ये ॲमवेच्या काही वितरकांनी हीच कथा दूरध्वनीवरील ध्वनिसंदेशांतून पसरवली. त्यांचा मालही साबणच, हे विसरू नये. २००७ साली सॉल्ट लेक सिटीतील ज्यूरीने चौघा माजी वितरकांना १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर भरपाई देण्यास सांगितले.

मग कंपनी निष्कलंक ठरली काय? नाही, आणि आमच्या मते खरे महत्त्व येथेच आहे. १९८० साली टॉक्सिक शॉक सिंड्रोम या आजाराने अमेरिकेत तरुण स्त्रिया दगावत होत्या. शासकीय रोगनियंत्रण केंद्राने ५० रुग्ण स्त्रियांची १५० निरोगी स्त्रियांशी तुलना केली. मासिक पाळीच्या काळात वापरावयाचे 'रिलाय' हे याच कंपनीचे उत्पादन रुग्णांपैकी ७१ टक्के जणी वापरत होत्या, निरोगींपैकी २६ टक्के. सप्टेंबर १९८० मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. या आरोपात आरसा नव्हता, आकड्यांची कसरत नव्हती. आजारी कोण, निरोगी कोण आणि दोघींत फरक काय, एवढेच विचारले होते. आणि आजारी न पडलेल्यांनाही विचारले, हीच त्या पुराव्याची ताकद. पत्रकाने दाढीची वळणे मोजली, पण ज्या कंपन्यांच्या चिन्हांत तारे आहेत अशा इतरांकडे एकदाही पाहिले नाही.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात, पुरेसा आधार नसता शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणाराही दोषी मानला आहे. पत्रकाच्या प्रती काढून वाटणाऱ्या भाविकांचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हांस शंका नाही. आठवी आज्ञा मात्र हेतू विचारून थांबत नाही. साक्ष खरी की खोटी, हे ती विचारते.

१९८५ मध्ये कंपनीने ते चिन्ह वेष्टनांवरून काढण्याचे ठरवले, १९९१ मध्ये दाढीची वळणे सरळ केली. २०१३ सालच्या नव्या चिन्हात पुसटशी चंद्रकोर परतली आहे. दाढी आणि तारे परतले नाहीत.