गोळी, पान आणि माणूस

विज्ञानपट बघणारी आपली वाशीमची पोरं लगेच विचारतात, "सर, यात यान कुठंय?" जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत यान नाही. एक गोळी आहे. 14 जानेवारी 1761 ला ती विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जाऊन येतात. शेवटी सिद्धान्त समजावताना कथेचा तास होतो, हा दोष आहेच. पण पंतांच्या खिशातलं बखरीचं फाटकं पान कुठल्याही यानापेक्षा भारी! पुरावा हातात असताना अशक्य कशाला म्हणायचं, हे ते पान विचारतं. माझा प्रश्न पुढचा आहे. सगळं एका गोळीवर टाकलं, तर माणसांची जबाबदारी उरते कुठं?