सहा क्लीट आणि एक दर्यावर्दी पुस्तक

मला सहा क्लीट हव्या होत्या. क्लीट म्हणजे शिडाच्या होडीच्या डेकवर स्क्रूने बसवलेला, दोन शिंगं असलेला धातूचा तुकडा. शिडाचा दोर त्याच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळला की भरल्या वाऱ्यातही सुटत नाही. होडी माझी नाही. ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांची आहे: सागवानी, बावीस फुटी, रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीलगत एका शेडमध्ये दहा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. वडील गेल्यावर त्याने ती पुन्हा पाण्यात घालायचं ठरवलं. मूळच्या ब्राँझच्या क्लीटांपैकी दोनच उरल्या होत्या. हिरव्या पडलेल्या, पण आतून धडधाकट. "तुमच्या सोलापुरात लूमचे सगळे पार्ट बनतात ना, बघ की काही," असं म्हणून त्याने ते काम माझ्या गळ्यात घातलं.

मी जुळे सोलापुरात घरून काम करतो. इथून समुद्र बघायला निघायचं तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे अशा वेळी मी जे करतो तेच केलं: आधी पुस्तक उघडलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन', १९६९ सालचं. न थांबता, एकट्याने, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. १४ जून १९६८ला फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला, ३१२ दिवस. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी केली ती एकट्याने. त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत बांधलेली, कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये, सागवानात. ती १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. सुतारांची हत्यारं म्हणजे वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता.

म्हणजे मी ज्या प्रकारच्या होडीसाठी धातू शोधत होतो, त्याच कुळातली ही जगप्रसिद्ध बोट, आणि तीही आपल्याकडची. साहजिकच मी पुस्तक जरा स्वार्थाने वाचलं, आणि त्या वाचण्यातूनच माझी त्याच्याबद्दलची तक्रार तयार झाली. कौतुकही तिथूनच आलं.

पण आधी क्लीटांचं सांगतो. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला हव्या तशा चार क्लीट मिळाल्या. "फुटलेल्या जहाजावरचं असली ब्राँझ आहे," दुकानदार म्हणाला. वजनदार, काळपट हिरव्या, कडा झिजलेल्या. मी खूश होऊन त्या मामांच्या फाउंड्रीत नेल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं छोटंसं युनिट आहे, यंत्रमागाचे आणि पंपांचे बुश ओततात. तिथल्या मिस्त्रींनी एक क्लीट उचलली, कानशीचे दोन हात मारले आणि माझ्यासमोर धरली. आत पिवळंधमक.

"पितळ हाय हे. वरनं ॲसिड मारलंय."

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे मुळात तांबं आणि कथील. आपलं कासं, ज्याच्या वाटीने आजी तळपाय घासायची, ते याच घराण्यातलं. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. मागे राहतं ते गुलाबीसर, सच्छिद्र तांबं. आकार तोच, रंग थोडा बदललेला, ताकद गेलेली. बाहेरून कळत नाही. कळतं ते दोराला झटका बसून शिंग हातात येतं तेव्हा. दिवाणखान्यात अशी क्लीट कोट टांगायला शंभर वर्षं टिकेल. डेकवर ती धोका आहे.

बरं, नावांवर विसंबावं तर तीही फसवतात. 'मँगनीज ब्राँझ' म्हणून जे विकलं जातं त्यात जस्त चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ते नावाने ब्राँझ आणि जातीने पितळच. उलट आपल्या फाउंड्रीतला रोजचा शब्द 'गनमेटल', ज्यात 'ब्राँझ' हे अक्षरही नाही, तोच खरा जवळचा. जुन्या आरमारी गनमेटलचं प्रमाण ८८ भाग तांबं, १० भाग कथील, २ भाग जस्त. आपल्याकडे बुश-व्हॉल्व्हसाठी सर्रास वापरतात ते ८५ तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच. मी दोन महिने 'मरीन ब्राँझ' शोधत होतो, आणि ते घरापासून अर्ध्या तासावर दुसऱ्या नावाने ओतलं जात होतं.

तर आता पुस्तक. त्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण वादळाचं नाही, गळतीचं आहे. प्रवासाच्या सुरुवातीलाच, अटलांटिकमध्ये, सुहेलीच्या तळाकडच्या फळ्यांच्या फटीतून पाणी येऊ लागतं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरतो आणि श्वास पुरेल तेवढा वेळ खाली राहून, पुन्हा वर येऊन, फटीत कापूस ठासतो. त्यावर कॅनव्हासची पट्टी येते आणि तिच्यावर तांब्याची. मधेच शार्क घिरट्या घालू लागतो, त्याला गोळी घालावी लागते. इतर कुणी लेखक इथे शार्कवर चार पानं खर्चला असता. हा माणूस शार्क उरकतो आणि पुन्हा पट्टीकडे येतो. कशावर काय बसवलं, कोणत्या क्रमाने, हे तो सांगतो. भीती त्या क्रमातूनच कळते. मी बग दुरुस्तीचे अहवाल लिहून पोट भरतो म्हणून म्हणतो: हे उत्तम गद्य आहे. वस्तूंवर विश्वास असलेल्या माणसाचं गद्य.

मराठीत हे आपल्याला फार सवयीचं नाही. आपल्याकडे लिखाणात समुद्र भरपूर आहे, मीठ कमी. समुद्र म्हणजे विरह, समुद्र म्हणजे अथांग मन. देशावरच्या माणसाने असं लिहिणं समजू शकतो, मीही आधी तसंच वाचत होतो. पण मीठ धातूला काय करतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की 'अथांग' या शब्दाने समाधान होत नाही.

माझी तक्रार अशी. ज्या लेखकाला तांब्याच्या पट्टीचं महत्त्व इतकं कळतं, तो मुंबईत मात्र फार रेंगाळत नाही. बोट बांधण्याचा भाग सुरुवातीला येतो आणि लवकर मागे पडतो. पुस्तक मिटल्यावर मला दक्षिण महासागरातल्या लाटा आठवतात, कुलाब्याच्या त्या सुतारांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही. पुढे प्रवासात आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा निकामी होते, रेडिओ गप्प होतो. तरी लाकडी सांगाडा टिकतो. तेव्हा टिकण्याचं श्रेय कुणाचं? 'एकट्याने' हा शब्द या सगळ्या प्रकारच्या लेखनाचा कणा आहे, आणि तोच त्याची आंधळी बाजूही आहे. एकटा असतो तो चालवणारा. बोट कधीच एकट्याची नसते.

या बाबतीत कमांडर दिलीप दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' जास्त प्रामाणिक वाटतं. १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघून मे २०१०मध्ये परतलेले हे पहिले एकटे भारतीय प्रदक्षिणाकर्ते. त्यांची 'म्हादेई' आधुनिक, ५६ फुटी, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. गद्य म्हणून हे पुस्तक नॉक्स-जॉन्स्टनच्या बरोबरीला बसत नाही. बैठका, फोन, परवानग्या यांत ते अधूनमधून अडखळतं. पण दांडेकर त्यात एक पूर्ण माणूस म्हणून उभे राहतात. समुद्र सुरू होण्याआधी यार्ड असतं, हे त्यातून विसरता येत नाही. याच यार्डात पुढे सुहेलीची प्रतिकृती 'थुरिया' बांधली गेली, अभिलाष टॉमींसाठी. २०१८च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींना जखमी अवस्थेत सोडवावं लागलं. तेव्हा डेकवरच्या तुकड्यांबद्दल मी करतोय ती किरकिर छांदिष्टाची नाही.

आणि मूळ सुहेली? ती काही वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, म्हणून नॉक्स-जॉन्स्टनने ती बाहेर काढून पुन्हा पाण्यात नेली. मुंबईतल्या त्या दुकानातल्या माझ्या चार क्लीट आणि काचेमागची बोट यांत मला एकच गोष्ट दिसते: आपण वस्तूचं रूप सांभाळतो आणि तिचं काम विसरतो. फरक इतकाच, की त्या माणसाला हे वेळेत कळलं.

शेवटी आम्ही क्लीट ओतून घेतल्या. जुन्या दोनांपैकी एक मित्राने पाठवली, तिच्यावरून लाकडी पॅटर्न केला. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न साधारण दीड टक्का मोठा ठेवायचा, हे मिस्त्रींनी न मोजता सांगितलं आणि पॅटर्नवाल्याने मोजून केलं. "भंगारातलं घालू नका, इनगॉटचंच घाला," असं मी दोनदा म्हणालो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, ते तुझ्या जन्माच्या आधीपासून ओततायत." मी गप्प बसलो.

सहापैकी चार चांगल्या आल्या. एकीत हवेचा पोकळ फुगा निघाला, एकीचं शिंग वाकडं. त्या दोन पुन्हा मुशीत गेल्या. स्क्रूही त्याच जातीच्या धातूचे हवेत, ते अजून मिळालेले नाहीत. होडी गणपतीनंतर पाण्यात जाईल म्हणतात.

नॉक्स-जॉन्स्टनचं पुस्तक जरूर वाचा. फक्त मुंबईची पानं आली की सावकाश वाचा, कारण लेखक तिथे घाईत आहे. मित्राला क्लीट पाठवताना मी खोक्यात एक चिठ्ठी घातली आहे. तिच्यावर धातूचं प्रमाण, ओतल्याची तारीख आणि मिस्त्रींचं नाव आहे.